तीन टनाचा जॅक

धूलकोटच्या अलीकडच्या उतारावर जीपचं मागचं चाक पंक्चर झालं. निरंजननं जॅक लावला, चाक जमिनीवरून सुटलं, नट काढायला तो पाना घेऊन वाकला, आणि एकदम सगळंच हललं. जॅक कलंडला, जीप वीतभर पुढे गेली. चाक धप्पकन खाली आलं ते निरंजनच्या पायापासून चार बोटांवर.

तो मागच्या मागे खाली बसला. त्याची बायको प्रतिभा रस्त्याच्या कडेला शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे घेऊन उभी होती.

थोड्या वेळानं एक ट्रक थांबला. त्याच्या ड्रायव्हरनं आपला जॅक लावून दहा मिनिटांत चाक बदलून दिलं, चहाचंही नाव काढू दिलं नाही आणि निघून गेला. गणवेश धूलकोटच्या शाळेत पोचले. परतीच्या वाटेवर निरंजन दोनदा म्हणाला, "वाचलो यार." बुऱ्हाणपूर दिसायला लागल्यावर प्रतिभानं विचारलं, "पण तो पडला कशानं?"

"दगड सरकला. अजून काय?"

निरंजन महाजनची ही जीप जुनी, पण दणकट. जंगलखात्याचे, मातीची तपासणी करणारे, मोबाईल टॉवरवाले अशा लोकांना डोंगराकडे घेऊन जायचं त्याचं काम. खडकाळ रस्त्यासाठी त्यानं मागच्या वर्षी मोठे टायर बसवून घेतले होते. जॅक मात्र गाडीबरोबर आला तोच, दांडा फिरवला की कात्रीसारखा उघडणारा. मोठ्या टायरांमुळे गाडी उंच झाली आणि जॅक पुरेना, म्हणून तो त्याच्याखाली दगड ठेवायचा. वर्षभर चाललं होतं.

प्रतिभा शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन, आणि जून महिना जवळ आला की गणवेशांची रास. कापड बिघडलं तर ते का बिघडलं हे कळल्याशिवाय ती पुढचा तागा उलगडत नसे. तसंच या जॅकचं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी निरंजन झोपलेला पाहून तिनं जीपमधून तो जॅक काढला, फरशीवर ठेवला आणि दांडा फिरवत बसली. खाली असताना तो पसरट, घट्ट बसलेला. जसजसा वर जाई तसतसा बारीक होई, आणि पुरता उघडल्यावर बोटानं ढकलला तरी डुलायचा.

"काय करून राहिली?" निरंजन दारात उभा होता.

"हा जितका वर जातो तितका कच्चा होतो. आणि आपण त्याला पुरता उघडून वर दगडांवर ठेवत होतो."

निरंजननं डोकं खाजवलं. "नवा घेऊ चल. मला माहीत आहे कोणता घ्यायचा."

शनवारा दरवाज्याजवळ ललितभाऊंचं सुट्या भागांचं दुकान होतं. निरंजननं आत शिरताच भिंतीला टेकवलेल्या लाल जॅककडे बोट दाखवलं. माणसाच्या छातीएवढा उंच, भोकं पाडलेली पट्टी आणि लांब हँडल. मोबाईलवर डोंगरात गाड्या चढवणाऱ्या लोकांकडे त्यानं तो पाहिला होता.

"भाऊ, तुमच्या जीपचा बंपर कसला आहे?" ललितभाऊंनी विचारलं. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस.

"पाइपचा. शोसाठी लावला."

"मग हा कशाला अडकवणार? हा चालतो पक्क्या लोखंडी बंपरला, नाहीतर चेसिसच्या मजबूत जागेला. शोच्या पाइपला लावला तर पाइप हातात आणि गाडी खाली."

प्रतिभा त्या जॅकजवळ वाकून पाहत होती. "हे हँडल मधेच सुटलं तर?"

ललितभाऊंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग तोंड उघडून वरचे पुढचे दोन दात दाखवले. "हे दोन्ही नकली आहेत, वहिनी. पिन नीट बसली नव्हती, मी तोंड पुढे घालून दाबत होतो. जॅक वाईट नाही. चिखलात अडकलेल्या गाडीला मोठा कामाचा आहे. पण त्याला जागा पाहिजे आणि माणूस शिकलेला पाहिजे. आणि एक सांगतो. बंपरला लावला की आधी गाडीचं अंग उचललं जातं, चाक लटकत राहतं. किती वर न्याल तेव्हा कुठे चाक सुटेल. पंक्चरसाठी सरळ अॅक्सलखाली लावायचा जॅक घ्या."

अॅक्सल म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, हे प्रतिभाला माहीत होतं. सकाळीच तिनं टेप घेऊन खाली वाकून त्याचं माप घेतलं होतं. तिनं ब्लाउजमधून कागद काढला. "जमिनीपासून तेरा इंच."

"वा! बहुत बढिया. आणि पंक्चर असताना?"

प्रतिभानं कागदाकडे पाहिलं. ते माप तिथं नव्हतं.

"जॅक लागतो तो हवा गेल्यावर," ललितभाऊ म्हणाले. "तेव्हा अॅक्सल किती खाली येतो ते बघा. मिटलेला जॅक तेवढ्या जागेत शिरला पाहिजे. आणि उघडल्यावर हवा भरलेलं चाक बसेल एवढा वर गेला पाहिजे. दोन मापं. ती आणा, मग जॅक देतो."

"आज विकायचा नाही का तुम्हाला?" निरंजन हसत म्हणाला.

"विकायचा आहे. परत घ्यायचा नाही."

रविवारी अंगणात जीप उभी करून प्रतिभानं मागच्या टायरची हवा सोडायला लावली. निरंजन कुरकुरला, चांगल्या टायरची हवा कोण सोडतं म्हणून, पण वॉल्व्ह त्यानंच दाबून धरला. टायर फसफसत बसला. प्रतिभानं आडवं होऊन टेप लावली. दहा इंच. तीन इंचांचा फरक पाहून निरंजनही खाली वाकला. मग पायपंपानं हवा भरता भरता तो घामाघूम झाला आणि ती पुन्हा पुन्हा माप घेत राहिली.

दुकानात ललितभाऊंनी बाटलीच्या आकाराचे तीन जॅक समोर मांडले. आत तेल असलेले, दांडा खालीवर केला की उठणारे. निरंजननं सगळ्यात जाडा उचलला. "दहा टन. एकदाच घ्यायचा तर दमदार घ्यावा."

प्रतिभानं मिटलेल्या जॅकला टेप लावली. नऊ इंच. "खाली फळी ठेवायची ना? मातीत तर ठेवावीच लागेल. दोन इंच फळी धरली तर अकरा. दहात शिरत नाही."

निरंजन तो जॅक हातात तोलत राहिला. ताकद जास्त असून उपयोग नाही, ही गोष्ट त्याला पटत नव्हती आणि खोटीही म्हणता येत नव्हती.

"तीन टनाचा बघा," ललितभाऊ म्हणाले. "तुमची गाडी भरून दोन टनाची. एक चाक उचलायला हा पुष्कळ झाला."

साडेसात इंच मिटलेला, साडेचौदा इंच उघडलेला. फळी धरून साडेनऊ ते साडेसोळा. प्रतिभानं कागदावर आकडे लिहिले, दोनदा ताळा केला आणि मान हलवली.

पिशवीत जॅक घालता घालता ललितभाऊ म्हणाले, "जॅक उचलायसाठी असतो, धरून ठेवायसाठी नाही. गाडी त्याच्यावर असताना खाली हात नाही, पाय नाही, डोकं तर बिलकुल नाही. चेसिसखाली स्टेपनी आडवी सरकवून ठेवा, म्हणजे पडली तरी तिच्यावर पडेल. नट आधी थोडे ढिले करा, चाक जमिनीवर आहे तोवर. आणि उरलेल्या चाकांना गुटके लावा."

सॉ मिलमधून बाभळीची जाड फळी आली, चार लाकडी गुटके आले. संध्याकाळी उजेड होता तोवर प्रतिभा म्हणाली, "मी लावून बघते. तुम्ही फक्त उभे राहा."

ललितभाऊंनी सांगितल्याप्रमाणे तिनं सगळं केलं. गुटके लावले, नट ढिले केले, स्टेपनी सरकवली, फळी, फळीवर जॅक. दांडा खालीवर करायला लागली. एवढी मोठी जीप आपल्या हातानं वर चाललेली पाहून तिला गंमत वाटली. चाक जमिनीवरून सुटलं. आणि तिच्या डोळ्यांसमोर ते आपोआप, अगदी सावकाश, उलटं फिरायला लागलं.

"थांब!" निरंजन ओरडला.

ती केव्हाच मागे झाली होती. जीप दोन बोटं पुढे सरकली, पुढच्या चाकांच्या गुटक्यांना टेकली आणि थांबली. जॅक जरासा तिरका झाला, पण पडला नाही. अंगणाला पाणी वाहून जायला किंचित उतार होता, आणि गुटके तिनं चाकांना चिकटवून लावले नव्हते.

मग निरंजननं जॅकचा स्क्रू लांबूनच हळूहळू सोडून गाडी खाली घेतली.

"चाक उलटं का फिरलं?" प्रतिभानं विचारलं. "गाडी तर पुढे गेली. आणि गाडी गिअरमध्ये होती ना?"

"गिअरमध्येच होती. मी कायम गिअरमध्येच ठेवतो. हँडब्रेकची केबल ढिली आहे."

"मग?"

निरंजन पायरीवर बसला. पंचवीस वर्षं गाडी चालवत होता तो. त्यानं दोन हात पुढे धरले, जणू दोन चाकं. "दोन्ही मागची चाकं मधल्या डब्यात जोडलेली असतात. वळणावर एक कमी फिरतं, एक जास्त. त्यासाठीच ती व्यवस्था आहे. गिअर त्या दोघांना मिळून अडवतो. एकट्याला नाही. एक चाक हवेत गेलं…" तो बोलता बोलता थांबला.

"तर ते उलटं फिरू शकतं," प्रतिभा म्हणाली, "आणि जमिनीवरचं सुटं होतं."

"हो."

"म्हणजे धूलकोटला दगड आधी सरकला नाही. गाडी आधी सरकली."

निरंजननं आपल्या पायाकडे पाहिलं. सोमवारी सकाळी चहाच्याही आधी तो हँडब्रेकची केबल बदलायला गेला.

पंधरा दिवसांनी दोघं बहादरपूरला गेले. तिथं लोटूदादांची केळीची बाग होती. साठीचा गडी, निरंजनच्या वडिलांचा जुना ओळखीचा. त्यांच्या मळ्यात मातीचे नमुने घेतलेले डबे होते, ते आणायचे होते. प्रतिभा त्यांच्या सुनेचे ब्लाउज द्यायला बरोबर आली होती. बागेतून परत निघताना ठिबकची मोठी नळी जिथं गळत होती तिथं मागचं उजवं चाक काळ्या मातीत गेलं आणि जितकी रेस दिली तितकं खाली रुतलं.

"काय भो, एवढी मोठी गाडी आणि धसली?" लोटूदादा हसत आले. "चार माणसं बोलावतो, ढकलून देऊ."

"चार माणसं येईपर्यंत बघू आम्ही," प्रतिभा म्हणाली आणि फळी काढायला मागे गेली.

फळी ठेवली, जॅक ठेवायला गेली आणि थबकली. जॅक शिरतच नव्हता. फळी न ठेवताही शिरत नव्हता. तिची सगळी मापं अंगणातल्या कडक जमिनीवरची होती. चिखलात चाकच रुतलं तर अॅक्सल जमिनीला टेकल्यासारखा होतो, हे तिच्या कागदावर कुठंच नव्हतं.

"चुकलंच की," ती स्वतःशी म्हणाली, आणि तिला वाईट वाटण्याऐवजी हसू आलं. "लोटूदादा, फावडं आहे?"

अॅक्सलच्या बाजूनं त्यांनी लांबूनच फावड्यानं खड्डा केला, फळी आडवी बसेल एवढा. तळाला कोरडी माती घातली. केबल नवी असल्यानं हँडब्रेक कचकचून बसला. तिन्ही चाकांना गुटके, यावेळी ठोकून. चेसिसखाली स्टेपनी. निरंजननं दांडा मारायला घेतला. चिखलानं चाक सोडताना मोठा आवाज केला आणि चाकाखाली पोकळी दिसायला लागली.

"आणा इकडे दगड!" लोटूदादा म्हणाले आणि एक चपटा दगड घेऊन गुडघ्यावर बसले. हात चाकाखाली घालणार, तेवढ्यात प्रतिभानं त्यांचा दंड धरला.

"दादा, हात नका घालू."

"आवं, एका मिनिटाचं काम. जिंदगी गेली आमची गाड्या काढण्यात."

"फावड्यानं ढकला ना. हात कशाला?"

मोठ्या माणसाचा हात असा धरला याचं तिला ओशाळं वाटलं, पण तिनं सोडला नाही. लोटूदादा नाराजीनं उठले, दगड फावड्याच्या टोकावर ठेवला आणि आत ढकलला. दुसरा दगड ढकलत असताना फळीची एक बाजू मऊ मातीत खचली. जॅक झुकला, निसटला, आणि जीप खाली आली. पण पूर्ण नाही. चेसिस स्टेपनीच्या टायरवर आदळली, दणका बसला आणि तशीच टेकून राहिली. फावड्याचा दांडा मात्र चाक आणि दगडाच्या मध्ये सापडून मोडला.

लोटूदादांनी मोडलेला दांडा उचलला, त्याचं टोक पाहिलं आणि बाजूला ठेवला. मग आपली दोन्ही मनगटं धोतराला पुसली.

दुसऱ्या खेपेला निरंजननं खड्डा आणखी रुंद केला. लोटूदादांनी पंपाच्या खोलीचं जुनं लोखंडी झाकण आणून दिलं, ते फळीखाली आडवं टाकलं. यावेळी जॅक सरळ उठला. दगड आणि वाळलेली केळीची पानं चाकाखाली लांब काठीनं कोंबली, गाडी खाली घेतली, सामान काढलं. निरंजननं पहिला गिअर टाकला आणि जीप एकदा घसरून, मग वाट धरून बाहेर आली.

लोटूदादांची बायको शोभाकाकू भाकरी आणि शेवभाजी घेऊन बांधावर आल्या. चिखलानं माखलेल्या हातांनी सगळे विहिरीजवळ गेले. जेवताना लोटूदादांनी दोन प्रश्न विचारले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला किती टनाचा जॅक लागतो, आणि भरलेल्या ट्रॉलीचं माप घ्यायचं की रिकाम्या.

"माहीत नाही," प्रतिभा म्हणाली. "दोन्ही घेऊन बघू."

जेवण झाल्यावर चौघंही ट्रॉलीकडे निघाले. निरंजन पुढे होता, आणि टेप त्याच्या हातात होती.