दोघांत एक डबा

पर्पेटुआचा डबा उघडून मोजावं, तर जेवढ्या उरायला हव्यात नेमक्या तेवढ्याच गोळ्या. म्बिटा या तळ्याकाठच्या गावातल्या आमच्या दवाखान्यात गोळ्या मोजायचं काम माझं, आणि चार वर्षं मी तिचं कौतुक करत होते. "बघा जरा हिच्याकडे, शिका काहीतरी!" असं इतर बायकांना ऐकवत होते. मग त्या वर्षी रक्तातले विषाणू मोजायची सोय आली आणि हिचा आकडा निघाला पन्नास हजारांवर; नियमाने गोळी घेणाऱ्याचा तो नगण्य असतो. तीन महिन्यांनी परत तपासलं, तरी तेच.

मला राग आला. एचआयव्ही मलाही आहे, नऊ वर्षं तीच गोळी मीही रोज झोपताना घेते. त्यामुळे कुठे बोट ठेवायचं ते मला बरोबर माहीत आहे.

"स्वप्नं कशी पडतात गं?" मी विचारलं. त्या गोळीने भलभलती स्वप्नं पडतात, आम्ही बायका त्यावर पोट धरून हसतो.

"पडतात की, डोर्काची आई." माझ्या लेकीच्या नावाने ती मला हाक मारते. "दिवसाआड."

"आणि मधल्या दिवशी?"

पर्पेटुआ ओमेना, म्हणजे तळ्यातली बारकी मासळी, वाळवून बाजारात विकते, गिऱ्हाइकाला एका शब्दानेही वरचढ होऊ देत नाही. आता ती डब्याचं झाकण फिरवत राहिली. मग म्हणाली, "मधल्या दिवशी त्याला पडतात. परवा म्हणे होडीत मगर बसली होती, सासूबाईंचा रुमाल डोक्याला बांधून." आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता ती रडायला लागली.

तिचा नवरा नाशोन मासेमार. दवाखान्याच्या रांगेत दिसला तर किनाऱ्यावर चर्चा होईल, म्हणून चार वर्षं तो तिच्याच डब्यातून एक दिवस सोडून गोळी घेत होता. मी गोळ्या मोजत राहिले. खाणारी तोंडं किती, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. मूर्ख मी.

"अर्धवट औषधाने विषाणू मरत नाही," मी तिला सांगितलं. "जो त्यातून वाचतो, तो त्या औषधाला पुरून उरतो आणि त्याचीच पैदास वाढते. तुमच्या दोघांच्याही अंगात आता तसलाच आहे. ही गोळी संपली तुमच्यासाठी. डॉक्टर दुसरं औषध देतील. तेही वाटून खाल्लंत, तर पुढे आमच्या कपाटात फारसं काही नाही."

तिने डोळे पुसले. "त्याला यातली एकही देणार नाही. त्याने इथे यायचं, स्वतःच्या पायांनी. पण माझं नाव तुम्ही त्याच्यापुढे काढायचं नाही."

दवाखान्याचा नियमही तोच होता. मी शब्द दिला.

तिने खरंच दिली नाही. तो चिडला, ताटावरून उठला आणि होडीतच मुक्काम ठोकून बसला. दहाव्या दिवशी भर दुपारी, टोपी भुवयांपर्यंत ओढून, माझ्या टेबलासमोर आला. किनाऱ्यावर मी त्याला शंभरदा पाहिलंय. त्याने मला कधी पाहिलं नव्हतं, एवढंच.

"नाव?"

"विल्यम."

तपासणी झाली. निघायचं तेच निघालं.

"विल्यम, हे औषध आधी कधी घेतलंय?"

"नाही."

मी कागदावर 'नाही' असं लिहिलं असतं तर डॉक्टरांनी त्याला पहिल्या औषधाचाच डबा दिला असता. खिशात औषध आणि अंगात त्याला न जुमानणारा विषाणू घेऊन तो घरी गेला असता. पर्पेटुआचं नाव तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. पेन खाली ठेवलं.

"नीट आठव. एखादी तरी?"

"नाही म्हटलं ना! तुमचं नसेल जमत तर होमा बेच्या दवाखान्यात जातो."

"जा. तिथेही हेच विचारतील आणि तिथेही खोटं बोललास तर हाच डबा मिळेल. ज्याने आधी घेतलंय त्याला हा म्हणजे तळ्याचं पाणी. वर्षभर इमानाने घेशील आणि तरी खंगत जाशील. मला काय, मी कागद बंद करते." आवाज मी करडाच ठेवला.

तो उठला. दारापर्यंत गेला. बाहेरच्या बाकावर सातआठ जण बसले होते, त्यांतले दोघे त्याच्याच जाळ्यावरचे. तो तिथे उभाच राहिला.

"आणि कोणी दुसऱ्याच्या डब्यातून घेतल्या असतील तर?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "ज्याचा डबा, त्याचं औषध बंद करता ना तुम्ही?"

इतके दिवस मी त्याला नुसता भित्रा समजत होते. लाज वाटली मला.

"कोणी सांगितलं तुला?"

"सगळे म्हणतात. वाटून खाणाऱ्या बाईला हाकलून देतात."

"कोणाचंही बंद करत नाही."

"शपथ घ्या."

"डोर्काची शपथ."

त्याने टोपी काढली. बाकावरची माणसं बघत होती, त्याने बघू दिलं.

"नाशोन ओकेयो लिहा," तो म्हणाला. "पर्पेटुआचा नवरा. चार वर्षं मी तिचं औषध खाल्लंय. तिची काही चूक नाही."