हाडांच्या वॉर्डातला वस्तरा

सोमशेखरची ही सलग दुसरी पाळी होती. त्याच्या जागी येणारा वॉर्डबॉय आजही आला नव्हता. सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या वॉर्डात तो सकाळी एका पेशंटची ऑपरेशनआधीची हजामत उरकत होता, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

“मामा, हजामत करतोयस का कडबा कापतोयस?”

सिद्धराम होता; वॉर्डबॉयला सगळ्यांसारखं तोही मामाच म्हणायचा. वय पंच्याहत्तर, अक्कलकोट रोडला चाळीस वर्षं सलून चालवलेला. न्हाणीत घसरून खुबा मोडला होता, उजवं मनगटही. अकरा दिवसांत गालांपासून गळ्यापर्यंत पांढरी दाढी माजली होती आणि ती त्याला सारखी खाजत होती.

“उद्या माजं ऑपरेशन हाय. माजी दाढी कर. पर त्या प्लॅस्टिकच्या रेझरनं न्हाय. पिशवीत वस्तरा हाय.”

“मला वस्तरा येत न्हाय, आजोबा.”

“शिकवतो की.”

नाही म्हटलं तर वाद घालावा लागणार होता. तेवढं त्राण सोमशेखरच्या अंगात नव्हतं. सिस्टरने वस्तरा स्पिरिटने पुसायला लावला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

म्हाताऱ्याने आधी एक रबरी हातमोजा फुगवायला लावला. त्यावर साबणाचा फेस. “ह्याला गाल समज. पातं आडवं ठेव, जरासंच उचल. दाबू नको.”

पहिला हातमोजा फट्‌कन फुटला. फेस सोमशेखरच्या डोळ्यांत गेला, वॉर्ड हसला. दुसराही फुटला. तिसरा टिकला.

“बास. आता ये.”

गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल, मग फेस. डाव्या हाताने कातडी ताणायची, केस ज्या अंगाला वळलेत त्याच अंगाला पातं न्यायचं. पहिल्याच ओढीला पातं गालावर अडखळलं.

“भ्यालास व्हय?”

“न्हाय. झोप न्हाय झाली.”

“मग थांब, दम खा. दमल्या हातानं गळ्याकडं जायचं न्हाय.”

दम खाऊन त्याने उजवा गाल केला. डाव्याला हात घालणार तोच दारातून हाक आली, “मामा, स्ट्रेचर!”

लिफ्ट बंद होती. पेशंटला जिन्यावरून उतरवून, एक्स-रे काढून परत वर आणेपर्यंत पाऊण तास गेला. सोमशेखर आला तेव्हा फेस वाळला होता आणि सिद्धराम अर्ध्या दाढीनिशी तोंड उघडं टाकून झोपला होता. सोमशेखरने पुन्हा गरम पाणी आणलं, गालाला टॉवेल लावला. म्हाताऱ्याने एक डोळा उघडला.

“कर,” म्हणाला, आणि डोळा मिटला.

हनुवटीखाली बारीकसं कापलं.

“तुरटी लाव.” डोळे तसेच मिटलेले.

सगळं झाल्यावर सिद्धरामने डावा हात गालावरून उलटा फिरवला. “कानाखाली राहिलंय.” सोमशेखरने तेही काढलं.

“आता?”

“चालतंय.”

दुपारी सिस्टरने सांगितलं, भूल देणारे डॉक्टर रजेवर आहेत, उद्याचं ऑपरेशन शुक्रवारी. सोमशेखर बूट काढून स्टुलावर बसला होता. त्यानेच ते म्हाताऱ्याला सांगितलं. सिद्धरामने डावा हात पुन्हा गालावरून फिरवला.

“शुक्रवारपत्तर परत खुंट येत्यात की रं.”

“करू की परत,” सोमशेखर म्हणाला. दारातून पुन्हा हाक आली होती. तो बूट चढवायला वाकला.