दारातलं भोक आणि कागदाचं कडं

दाराला भोक पडलं ते थोरलीमुळे, असं आई म्हणायची. कुऱ्हाड बापाच्या हातात होती, पण दाराआड कोंडून घेऊन थोरली बसली होती, म्हणून दोष तिचा. नवऱ्यानं टाकल्यावर ती परत आली, कुणाशी न बोलता मधल्या खोलीत शिरली आणि आतून कडी घातली. बाप ओरडून ओरडून थकला, मग त्यानं कुऱ्हाड आणली. पहिल्याच घावात फळी फुटली. दुसरा घालावा लागला नाही, थोरलीनं मुकाट्यानं दार उघडलं. बापानं त्याच दिवशी कडीही उचकटून फेकून दिली. पुढं बाप मेला. पण कडी कुणी परत बसवली नाही, आणि दाराच्या मधोमध, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, लिंबाएवढं भोक तसंच राहिलं. बाहेरच्या खोलीत कुणी येऊन बसलं की त्याची नजर पहिली तिथं जायची.

त्या भोकातून आई हवं तेव्हा आत बघायची. धाकटी तर कधीकधी बोट घालून हलवायची आणि म्हणायची, "ताई, मुंगूस आलं बघ."

आता धाकटीला बघायला माणसं येणार होती. मुलाच्या बापाचं तसबिरींना चौकटी करायचं दुकान होतं. घर मोठं, मुलगा एकुलता एक. मध्यस्थाला आईनं आधीच सांगून टाकलं होतं की आम्हाला मुलगी एकच.

"एकच?" थोरलीनं विचारलं.

"लग्नाची एकच. नासलेलं दूध कुणी पाहुण्यांपुढं मांडतं का? ते आले की तू आत बसायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही."

"आणि भोक दिसेल त्याचं काय? पडदा लावू?"

"पडदा दिसला की माणसाचा हात शिवशिवतो. फूल दिसलं की माणूस फुलाकडंच बघतो." आईनं हे बोलणं आधीच पाठ करून ठेवल्यासारखं म्हटलं. "त्या दातांच्या डॉक्टरणीच्या दारावर फुलांचं गोल कडं आहे ना, तसलं कर. विकत काही आणायचं नाही. घरात रद्दी आहे, त्यातच भागव."

थोरलीनं जरा विचार केला. "आई, कडं म्हणजे मधे मोकळं. भोक झाकायला भोकाचीच वस्तू?"

"अक्कल पाजळू नकोस. ताटाएवढी चकती लावली तर आंधळ्यालाही कळेल की काहीतरी झाकलंय. डॉक्टरणीकडं आहे तसंच पाहिजे." मग आवाज उतरवून आई म्हणाली, "हे जमलं, तर धाकटी गेल्यावर ती खोली तुझी. नवी फळी बसवून देते, आतून कडी लावून देते. आणि तुझ्यापायी मोडलं, तर तुझं गाठोडं रस्त्यावर. मी बोलते ते करते, तुला ठाऊक आहे."

थोरलीला ठाऊक होतं. आई मारायची धमकी द्यायची तेव्हा मारायची. म्हणून कडीचा शब्दही खरा असणार, असं तिला वाटलं. जगात लोक काय काय मागतात. थोरलीला बोटभर लोखंड पाहिजे होतं, आतल्या बाजूनं.

ती कामाला लागली. वर्तमानपत्राचे कागद तिरके गुंडाळून तिनं लांब नळ्या केल्या, तीन नळ्यांची वेणी घातली आणि वेणीची दोन्ही टोकं एकमेकांत खुपसून गोल केला. मैद्याची खळ शिजवून कागदाच्या पट्ट्या त्यावर चिकटवल्या, थरावर थर, कड्याची रुंदी चार बोटं होईपर्यंत. पालथ्या पातेल्यावर कडं वाळत ठेवलं. फुलं केली हात पुसायच्या कागदी रुमालांची. रुमाल पंख्यासारखे दुमडायचे, कमरेत दोरा आवळायचा आणि एकेक पदर अलगद वर उचलायचा. घाई केली की फाटतो, भीत भीत उचलला की उमलत नाही. पाकळ्यांच्या कडा तिनं उकळलेल्या चहाच्या पाण्यात बुडवल्या, म्हणजे खऱ्या फुलासारख्या करपट दिसल्या. अंड्यांच्या पुठ्ठ्यातले खळगे कापून घट्ट कळ्या झाल्या. किराण्याच्या खाकी पिशव्यांची पानं झाली, आणि कात्रीच्या पाठीनं दाबून त्यांना शिरा आल्या.

धाकटी शेजारी बसून नखं रंगवत होती. "ताई, किती मन लावून करतेस गं! एवढं मन नवऱ्यात लावलं असतंस तर आज तिथं असतीस."

थोरलीनं दोरा दातानं तोडला. "तुझ्या नवऱ्यात तू लाव."

"मी लावीनच. मला काय झालंय?"

कडं वाळल्यावर थोरलीनं ते दारावर धरून पाहिलं. मधोमध कॅलेंडरचा जुना खिळा होता. त्यावर अडकवलं तर भोक बरोबर कड्याच्या पोटात यायचं, चित्रासारखं. म्हणून तिनं डावीकडं वीतभर सरकून नवा खिळा ठोकला. आता कड्याची उजवी बाजू, जिथं फुलं दाट होती, भोकावर बसली. आईनं एकेका खुर्चीवर बसून पाहिलं. वाकून पाहिलं, उभं राहून पाहिलं.

"भोक दिसत नाही," ती म्हणाली. "एका बाजूला गेल्यासारखं दिसतंय, पण ते चालेल. त्यांना मुलगी बघायचीय, दार नाही."

चौकटीवाल्याच्या घरात मुलगी द्यायची, हे आईला पक्कं ठाऊक होतं. चौकटीवाल्याचा डोळा कसा असतो, एवढंच तिच्या डोक्यात आलं नाही.

पाहुणे आले. थोरली आत, अंधारात, दाराला चिकटून उभी राहिली. भोकातून तिला आपल्याच कड्याची पाठ दिसत होती, खळीनं ताठ झालेला वर्तमानपत्राचा कागद. कान मात्र मोकळे होते. खुर्च्या सरकल्या, कप वाजले. चौकटीवाल्याची बायको खणखणीत आवाजाची होती, मुलगा कमी बोलायचा, आणि चौकटीवाला तर जवळजवळ बोलतच नव्हता.

"तो ट्रे कशाला सरळ करताय?" बायको नवऱ्याला म्हणाली, आणि मग आईला, "ह्यांचं असंच आहे बघा. मला बघायला आले तेव्हा आधी भिंतीवरची तसबीर सरळ केली, मग माझ्याकडं बघितलं. मी तर म्हटलं, मी वाकडी असते तर हा माणूस उठून निघूनच गेला असता!"

सगळे हसले. आई जरा जास्तच हसली. 

"कडं सुरेख आहे," चौकटीवाला पहिल्यांदाच नीट बोलला.

"माझ्या मुलीनं केलंय," आई म्हणाली. "घरातल्या रद्दीचं. तिला बसून राहणं माहीतच नाही."

"हात चांगला आहे. पण लावलंय चुकीचं."

"असू द्या हो, तुम्ही चहा घ्या..."

"मघापासून डोळ्यात खुपतंय. हा बघा, खिळा तर इथं मधोमध आहे."

आई उठेपर्यंत त्यानं कडं उचललंही होतं. थोरलीच्या डोळ्यावर उजेड आला. तिनं मागं सरायला हवं होतं, पण कडं कुठं चाललंय ते ती बघत राहिली. चौकटीवाल्यानं कडं मधल्या खिळ्यावर अडकवलं, अंगठ्यानं एक बारीक टिचकी मारून बरोबर केलं, दोन पावलं मागं गेला आणि डोळे बारीक करून पाहिलं. कडं अगदी मधोमध होतं. कड्याच्या मधोमध भोक होतं. भोकात एक डोळा होता, उघडा, न लवणारा.

"अगं बाई!" बायको किंचाळली. "आत कोण आहे?"

आईला उत्तर सुचायला वेळ लागला नाही. "कोण असणार! कामवाली आहे. बुजरी आहे हो, माणसं आली की आत जाऊन बसते."

"मग बोलवा की बाहेर. दारातून डोळा लावून बघतेय, माझ्या काळजाचं पाणी झालं."

"ये गं बाहेर," आई म्हणाली. कुणाला तरी हाक मारावी तशी, नातं गाळून.

थोरली बाहेर आली. केसांत कागदाचे कपटे, बोटं चहानं तपकिरी. चौकटीवाल्याच्या बायकोनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काय गं, किती दिवस आहेस इथं?"

थोरलीनं आईकडं पाहिलं. आई कपातल्या चहाकडं बघत होती. धाकटी आपल्या नखांकडं बघत होती. एक शब्द बोलायचा अवकाश होता. बोलली असती तर लग्न मोडलं असतं, आणि संध्याकाळच्या आत गाठोडं रस्त्यावर आलं असतं. थोरलीला कडी आठवली.

"लहानपणापासून," ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

"घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही."

"गरीब बिचारी," बायको म्हणाली, आणि तिची नजर एकदम कामाची झाली. "हे बघा बाई, मुलगी आम्हाला पसंत आहे. पण नाजूक दिसते, आणि आमच्याकडं कामाला माणूस टिकत नाही. हिला बरोबर पाठवाल? म्हणजे तुमच्या मुलीलाही माहेरचं माणूस झालं. हो म्हणत असाल तर आत्ताच पक्कं करून टाकू."

आईनं विचार करायला चहाचा एक घोटसुद्धा घेतला नाही. "त्यात विचारायचं काय? घेऊन जा की. तुमचंच माणूस."

तोंड गोड करायला बिस्किटांची बशी फिरली. बशी थोरलीलाच फिरवावी लागली. धाकटीनं तिच्याकडं न बघता दोन बिस्किटं उचलली. चौकटीवाल्यानं एकही घेतलं नाही. तो बशी धरलेल्या त्या तपकिरी बोटांकडं बघत राहिला. मग त्याची नजर दारावरच्या फुलांच्या तपकिरी कडांकडं गेली आणि परत बोटांकडं आली. 

पाहुणे गेल्यावर थोरली कपबशा उचलता उचलता म्हणाली, "आई, माझी खोली?"

"खोली कुठं पळून चाललीय?"

"खोली नाही, मीच चाललेय. तू मला देऊन टाकलंस."

"मी? कामवाली आहे म्हणून कुणी कबूल केलं? मी तुझ्या तोंडात शब्द घातला का?"

"आधी तू म्हणालीस."

"मग तू नाही म्हणायचं होतंस."

"नाही म्हटलं असतं तर?"

"तर आज रस्त्यावर असतीस," आई सरळपणे म्हणाली. "आता निदान घरातून घरात चाललीस. उपकार मान, आणि ते कडं उतरव. ते घेऊन जायचंय. सासूबाईंनी मागितलंय, सुनेच्या हातचं म्हणून."

लग्नाच्या आधी आईनं दिलेला शब्द पाळला. सुतार आला, फुटकी फळी काढली, नवी बसवली. फळी धरायला कुणी नव्हतं म्हणून थोरलीनंच धरली. मग सुतारानं आतून पितळेची नवी कडी लावली. तो हत्यारं आवरत होता तेवढ्यात थोरली आत गेली, दार लोटलं आणि कडी घालून पाहिली. छान बसली. न करकरता.

"आत काय करतेयस?" आईनं बाहेरून दार ठोकलं. "उघड. जावई मुक्कामाला येतील, त्यांना भोकाच्या दारामागं झोपवणार होते का मी? तुझ्या खरकट्या हातांचे डाग पाडू नकोस."

थोरलीनं कडी काढली. या वेळीही मुकाट्यानं.

सासरच्या घरी धाकटीला वरची खोली मिळाली. थोरलीचं अंथरूण स्वयंपाकघरात. त्या स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसती कमान होती. चौकटीवाल्यानं कड्याला खोल पेटीसारखी चौकट केली, वर काच बसवली आणि ते बाहेरच्या खोलीत टांगलं, सुताएवढंही इकडंतिकडं नाही. येणारा जाणारा थांबायचा. "सुनेच्या हातचं," सासू सांगायची, आणि धाकटी मान खाली घालून हसायची. ते हसणं तिला फार छान जमायचं.

एकदा दुपारी घरात कुणी नसताना चौकटीवाला स्वयंपाकघराच्या कमानीत येऊन उभा राहिला.

"ते कडं तू केलंस ना?"

"नाही," थोरली म्हणाली.

"बरं." त्यानं ओट्यावर कागदी रुमालांचा गठ्ठा ठेवला, वर दोऱ्याची रिळं ठेवली आणि गठ्ठ्याचा कोपरा ओट्याच्या कडेशी नीट जुळवला. "गिऱ्हाइकं विचारतात. उद्यापासून नाही म्हणत म्हणत करत जा. नाव सुनेचंच राहील. तू कोण आहेस ते मला त्याच दिवशी कळलंय. दोघींचे कान एकाच साच्यातले आहेत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर एकच आली असती," तो म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हापासून दुपारची भांडी आटपली की थोरली रुमाल दुमडायला बसायची. एका दुपारी धाकटी पाणी प्यायला खाली आली. सासू मागल्या पायऱ्यांवरून आत येत होती, ते तिनं पाहिलं नाही. ती सवयीनं म्हणाली, "ताई, मला थोडं पाणी दे ना."

सासू जागच्या जागी थांबली. "ताई?"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. तिनं थोरलीकडं पाहिलं, आणि त्या बघण्यात लहानपणी अंधारात घाबरायची तेव्हाचं सगळं होतं. थोरलीच्या हातातलं फूल अर्धं उमललं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. पण तो बोलून जायचं कुठं? आईच्या घरी तर आता दाराला नवी कडी होती, जावयासाठी.

"बाईसाहेब," ती हसून म्हणाली, "कामवालीला कुणी ताई म्हणतं का? लोक हसतील."

सासू खूश झाली. "तिला कळतंय बघ, तुला नाही कळत," ती सुनेला म्हणाली.

थोरलीनं उठून पाणी दिलं. धाकटी ते उभ्यानंच प्यायली आणि पेला थोरलीपुढं धरून म्हणाली, "हा विसळून ठेव गं."

त्यानंतर धाकटी कधी चुकली नाही. कुणी नसतानासुद्धा.