हाळीसारखं पत्र

कल्पना करा, तुम्ही ओढ्याच्या अलीकडे एका कातळावर बसला आहात. पलीकडे तुमची शाळा दिसते. तिची कौलं दिसतात, झेंड्याचा खांब दिसतो, घंटेचा आवाजही येतो. एप्रिलमध्ये ओढा कोरडा असतो, दगडांवरून उड्या मारत तुम्ही चार मिनिटांत वर्गात पोचता. पण जुलैमध्ये? जुलैमध्ये तो ओढा छातीएवढा होतो आणि घंटा नुसती ऐकत बसावं लागतं.

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला अशी एक वाडी आहे असं समजा, आणि सहावीतली वैशाली तिथलीच. गेल्या पावसाळ्यात वाडीतल्या सहा मुलांचे शाळेचे एकोणीस दिवस बुडाले. वैशालीचा धाकटा भाऊ ओंकार ओढा ओलांडताना घसरला आणि त्याचा हात मोडला.

मुंबईची एक संस्था आडबाजूच्या वाड्यांना साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, बांधून द्यायची. अट एकच होती. अर्जासोबत शाळेतल्या मुलानं स्वतः लिहिलेलं पत्र हवं, आणि ते इंग्रजीत, कारण संस्थेत निरनिराळ्या प्रांतांतली माणसं होती. वैशालीचं अक्षर चांगलं म्हणून तिनं लिहिलं. पत्र गेलं आणि दोन आठवड्यांनी परत आलं. ओळीओळीखाली पेन्सिलीनं प्रश्न लिहिले होते.

त्या शनिवारी विनीताबाई आल्या. त्या महाडच्या. नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, तरी दर शनिवारी एसटीनं येऊन मुलांना इंग्रजी शिकवायच्या. संस्थेचा माणूस आज संध्याकाळी पोलादपुरात दुरुस्त पत्रं गोळा करणार होता. त्यानंतर थेट पुढच्या वर्षी.

वैशालीनं कागद पुढे केला आणि मान फिरवली.

"रुसलीस होय गो?" बाई म्हणाल्या.

"त्यांना इंग्रजी येत नाय, बाई. सगळं लिवलंय, तरी विचारतात."

बाईंनी मोठ्यानं वाचलं. "'आफ्टर हेवी रेन.' जोराच्या पावसानंतर. 'फेल डाउन लास्ट जुलै.' गेल्या जुलैत पडला. 'व्हेन द वॉटर कम्स.' पाणी येतं तेव्हा. 'नाइन्टीन डेज.' एकोणीस दिवस."

"बरोबर हाय की!"

"स्पेलिंग एकही चुकलं नाही. पण त्यांनी विचारलंय, कोण पडलं?"

"ओंकार! अख्ख्या वाडीला ठावं हाय."

बाई काही बोलणार, तोच समोरच्या उतारावरून हाळी आली. वैशालीची आई दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होती.

"सुटली गोऽऽ! वरल्या अंगालाऽऽ!"

वैशाली ताडकन उठली, वरच्या पायवाटेनं पळाली आणि पाच मिनिटांनी तांबड्या गायीला हाकत परत आली. धापा टाकत पुन्हा बाईंसमोर बसली.

बाई हसत होत्या. "मला वाटलं, एसटी सुटली. पर्स घेऊन उभीच राहिले होते मी."

वैशालीला हसू आवरेना. "एसटी वरल्या अंगाला कशी जाईल, बाई? आईच्या हातात दावं दिसलं नाय तुम्हाला?"

"नाही दिसलं. तुला दिसलं. गोठा कुठे, गाय कुठली, पळून कुठे जाते, सगळं तुला आधीच ठाऊक. म्हणून आईला दोन शब्द पुरले." बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "हे पत्रही तू हाळीसारखंच लिहिलंयस. पण मुंबईत बसलेल्या माणसाला आपला डोंगर दिसतो का?"

वैशालीनं कागद पुन्हा पुढे ओढला. वाडीत सगळे असेच बोलायचे. या उतारावरून त्या उताराला अख्खं वाक्य कोण ओरडणार? दमच पुरायचा नाही.

"मग काय करू?"

"प्रत्येक ओळीला विचार, कुणाबद्दल बोलतेस? आणि त्याचं काय झालं, किंवा त्यानं काय केलं? दोन्ही उत्तरं ओळीतच मिळाली पाहिजेत."

वैशालीनं पेन्सिल चावली आणि लिहिलं, 'माय ब्रदर ओंकार फेल डाउन लास्ट जुलै.'

"शाब्बास. आता कुणी विचारेल का, कोण पडलं?"

"नाय." मग तिचे डोळे चमकले. "पण बाई, तुम्ही वर्गात 'कम हिअर' म्हणता. त्यात कोण कुठं हाय?"

"पकडलंस मला! हुकूम करताना समोरचाच माणूस धरलेला असतो. तू 'कम हिअर' म्हटलंस तर इथं यायचं कुणी? मी. तेवढी सूट इंग्रजी देते. पण पत्रात तू त्या साहेबांना हुकूम सोडणार आहेस का?"

"साकव द्या, नायतर बघा!" वैशाली म्हणाली आणि दोघी हसल्या.

पुढची ओळ मात्र अडली. 'व्हेन द वॉटर कम्स.' वैशाली हट्टाला पेटली. "यात पाणी हाय आणि येतं पण हाय. दोन्ही उत्तरं मिळाली."

"मिळाली खरी. आता ही ओळ म्हण आणि थांब. पुढे काहीच बोलू नकोस."

"पाणी येतं तेव्हा..." वैशाली थांबली. बाई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तिलाच राहवेना. "तेव्हा आम्हाला ओलांडता येत नाय!"

"बघ, तुझ्याच तोंडून निघालं. 'व्हेन', 'बिकॉज', 'आफ्टर' असे शब्द सुरुवातीला आले की ऐकणारा पुढचं ऐकायला कान टवकारतो. त्याला तसंच सोडायचं नाही."

वैशालीनं लिहिलं, 'व्हेन द वॉटर कम्स, वी कॅनॉट क्रॉस.' मग 'आफ्टर हेवी रेन'चंही तिनं तसंच केलं, न विचारता.

इतक्यात फोन वाजला. मंगेश, तिचा बाप, मुंबईत गोदामात कामाला होता. वैशालीनं त्याला अजून न सुधारलेली शेवटची ओळ वाचून दाखवली. 'नाइन्टीन डेज.'

"एकदम फस्क्लास! शाळा बुडाली तेच ना?" मंगेश म्हणाला. "टेन्शन नको घेऊ, पाठवून दे."

फोन ठेवून वैशाली खूश होऊन बाईंकडे वळली. मग हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"बाबाला कळणारच, बाई. त्याच ओढ्यानं त्याची पण शाळा बुडायची."

बाईंनी मान हलवली. त्यांना फार आनंद झाला होता. खाली वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"उरलेलं मी गाडीत लिहून टाकते," बाई म्हणाल्या. "उशीर होतोय. दे इकडे."

वैशालीनं कागद छातीशी धरला. "नको. मुलानंच लिवायचं हाय. मी येते पोलादपूरला."

गाय बांधून आलेल्या आईनं दोघींकडे पाहिलं. "जा गो. सांजच्या गाडीनं परत ये. आणि बाईंना तरास देऊ नको."

एसटीत वैशालीनं वही गुडघ्यावर घेतली. गाडी हिंदकळत होती, अक्षरं वाकडी येत होती. 'वी मिस्ड नाइन्टीन डेज ऑफ स्कूल.' आम्ही शाळेचे एकोणीस दिवस बुडवले. तिनं ते मनात दोनदा म्हटलं. स्वतःला तर सगळंच कळत होतं, बाईंनाही आता सगळं ठाऊक झालं होतं.

पुढच्या बाकावर एक तरुण बसला होता. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, मांडीवर बॅग. वैशालीनं त्याला याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती उठली, दांडा धरत त्याच्यापाशी गेली.

"दादा, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"येतं की."

"आमच्या वाडीला कधी आलायत?"

"नाही बुवा. कुठली वाडी?"

"मग बरं झालं," वैशाली म्हणाली, त्याच्या शेजारी बसली आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचू लागली. प्रत्येक ओळीनंतर ती थांबत होती आणि तो काही विचारतो का, ते त्याच्या तोंडाकडे पाहत होती.