घरी आलास का

फायबरवालीनं काळ्या वायरचं साल सोललं, आतला केसाएवढा काचेचा धागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला आणि हत्याराच्या पात्याखाली धरून टिचकन तोडला. तुटलेला तुकडा चिमट्यानं उचलून तिनं एका छोट्या बाटलीत टाकला.

काकू वाकून बघत होत्या.

"एवढीशी काच? दिसत पण नाही गं."

"म्हणूनच हात लावू नका, काकू. बोटात गेली तर सापडत नाही. नुसती टोचत राहते."

"आणि यातून इंटरनेट येणार?"

"उजेड येतो. बाकी सगळं त्या उजेडात."

"ऐकलंत का?" काकू खुर्चीकडे वळून म्हणाल्या. "उजेड पडणार आहे घरात."

"थोडा डोक्यात पण पाडून घे," पेपरामागून काका म्हणाले.

नवा पांढरा डबा भिंतीवर बसला. त्यावरचा हिरवा ठिपका दोनदा मिटला, मग स्थिर झाला. फायबरवालीनं हात पुसले आणि कपाटावरच्या जुन्या राउटरकडे बोट केलं.

"याच्यातच वायफाय आहे आता. तो काढून टाकला तरी चालेल."

"तो नाही काढायचा."

आवाज एवढा धारदार होता की फायबरवालीनं वळून पाहिलं. जुना राउटर लखलखीत पुसलेला होता. खाली त्याच्यापुरती छोटी बॅटरी, वीज गेली तर लागावी म्हणून. आजूबाजूच्या फळीवर धूळ होती, त्याच्यावर कणभर नव्हती.

"तीन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "एकदाही विझू दिला नाही. आमच्या चिंगूनं, मुलानं, लावलेला आहे. मी रोज संध्याकाळी फोन करायची, 'घरी आलास का, घरी आलास का', वैतागायचा नुसता. मग त्यानं वायफायचं नावच ते ठेवलं. म्हणाला, आता मला विचारू नकोस. मी फाटकात आलो की माझा फोन आपोआप याला लागेल आणि तुझा फोन टिंग करेल. तू चहा टाक."

"आता कुठे असतो?"

काकूंनी राउटरवरून पदर फिरवला. "कुठंतरी असेल. बापलेकांचं वाजलं, तो निघून गेला. आधी फोन वाजायचा, उचलायचा नाही. पण वाजतोय म्हणजे आहे, एवढं तरी कळायचं. वर्ष होत आलं, बंद लागतो." मग घाईनं म्हणाल्या, "पण आला तर याच्यावरच येईल. नवं नाव कुठून ओळखेल त्याचा फोन?"

पेपराचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"ठेवू या," फायबरवाली म्हणाली. "नव्या डब्याच्या मागे जोडते. नाव तेच, पासवर्ड तोच. फक्त आतली सेटिंग बदलावी लागेल. त्याचा वेगळा पासवर्ड असतो, तो कुणाला माहीत आहे?"

"तोच जाणे," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला वळल्या.

खुर्चीतून काकांनी सहा अक्षरं आणि चार आकडे सांगितले. एकही न अडखळता.

काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात क्षणभर थांबल्या, मग आत गेल्या.

फायबरवालीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. पासवर्ड बरोबर होता. सेटिंग शोधता शोधता तिला अडवलेल्या फोनांची यादी दिसली. यादीत एकच फोन. त्याच्या नावात मुलाचं घरातलं नाव होतं: चिंगू.

तिनं नोंदींचं पान उघडलं. तीन वर्षं न विझलेल्या डब्यानं सगळं सांभाळून ठेवलं होतं. चिंगू, नाकारलं. चिंगू, नाकारलं. सगळ्या वेळा संध्याकाळी सहाच्या पुढच्या. कधी एकच ओळ, पुढे चार महिने काही नाही. शेवटच्या दिवशी ओळींवर ओळी, पहिली सहा दहाची, शेवटची सहा एकोणपन्नासची. त्याला अकरा महिने झाले होते. त्यानंतर कोरं पान.

दिवा विझला नव्हता, आणि टिंग झालं नव्हतं.

काका कधी मागे येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही.

"तो गेला त्या दिवशी रागाच्या भरात केलं," ते हळू म्हणाले. "शेजारच्याला विचारून. म्हटलं, माझ्या घरात पाऊल नाही तर वायफाय पण नाही. सकाळी काढणार होतो. मग राहून गेलं."

"काका, हा फाटकापर्यंत आला होता. खूपदा."

त्यांनी चष्मा काढला. पडद्याजवळ तोंड नेऊन ते ओळी वाचू लागले, पण चष्मा हातातच राहिला होता.

आत कपबश्या वाजल्या.

"हे... डबा बंद केला की राहतं?"

"नाही. पुसलं जातं."

त्यांनी मान हलवली. होकार की नकार, ते तिला समजलं नाही. तिनं चिंगूवरची अडवणूक काढली आणि लॅपटॉप मिटला.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा काका परत खुर्चीत होते.

"एकदा बंद करून चालू करावा लागेल, काकू. एक मिनिटभर."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. "मीच करते. दुसऱ्या कुणी नको." त्यांनी बॅटरीची पिन दोन बोटांत धरली. झोपलेल्या लहान मुलाच्या हातातून खेळणं सोडवावं तशी हलकेच उपटली. दिवे गेले. फायबरवालीनं खुर्चीकडे पाहिलं. काका खिडकीतून फाटकाकडे बघत होते.

पिन परत लागली. एक दिवा आला, दुसरा आला. काकूंच्या फोनवर अक्षरं उमटली: घरी आलास का.

"बाई गं, आलं!" काकू हसल्या. "लागेल ना आता त्याचा फोन?"

"हो, काकू. आता लागेल."

म्हणताना तिच्याही नकळत 'आता'वर जोर पडला.

काकूंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. त्यांनी चहाचा कप उचलला, खुर्चीशी नेला, पण पुढे केला नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो पासवर्ड तुम्हाला कसा हो पाठ?"

फायबरवाली खाली बसून काचेचे तुकडे मोजू लागली. तोडले होते चार. बाटलीत तीनच होते. ती फरशीवर पालथी झाली आणि टॉर्च लावून शोधत राहिली.