एकेरी तिकिटाचं वेळापत्रक

रविवारी सकाळी मिसोचं सूप वाढता वाढता तामाए नवऱ्याला म्हणाली, "गुरुवारी मी ओसाकाला चाललेय."

सेगावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कुणाबरोबर?"

"एकटीच."

"किती दिवस?"

"बघू," ती म्हणाली आणि मुळ्याच्या लोणच्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

'बघू' हा शब्द सेगावांनी त्या घरात आजवर ऐकला नव्हता. हिसानोरी सेगावा म्हणजे तोयामातल्या एका खासगी रेल्वेत अडतीस वर्षं गाड्यांचं वेळापत्रक आखलेला माणूस. भल्यामोठ्या कागदावर आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी होते, निघाली की पुन्हा तिरकी. या लोकांना रेल्वेत रेघवाले म्हणतात. पंधरा सेकंदांपेक्षा मोठी चूक हा माणूस चूक म्हणून नव्हे, तर पाप म्हणून मोजायचा. निवृत्त होऊन सात महिने झाले तरी रेल्वेच्या सवयीने घरातून निघताना गॅसकडे बोट रोखून "बंद, ठीक" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे.

"तिकीट काढायला मी जातो," सेगावा म्हणाले.

"काढलंय."

"दाखव बघू."

तिने दाखवलं. तोयामाहून त्सुरुगा, तिथे गाडी बदलून ओसाका. सेगावांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"आणि येण्याचं?"

"ते मग काढेन," तामाए म्हणाली. "सूप गार होतंय."

सूप गारच झालं. सेगावा ते तिकीट पुन्हा पुन्हा उलटं करून पाहत राहिले, आणि त्याला कारणही तसंच होतं. कुरामोची हा त्यांचा ऑफिसातला जुना सोबती, शेजारच्याच टेबलावर रेघा मारणारा. तो निवृत्त झाला आणि चौथ्या महिन्यात त्याच्या बायकोने नाश्त्याच्या ताटाशेजारी घटस्फोटाचा फॉर्म ठेवला. सहीच्या जागी स्वतःचा शिक्का मारून, त्याच्या शिक्क्याची तेवढी जागा मोकळी ठेवून. "मला काही म्हणजे काही कल्पना नव्हती रे," कुरामोची सगळ्यांना सांगत फिरायचा. त्याच्या बायकोनेही आधी बहिणीकडे जाण्याचं एकेरी तिकीट काढलं होतं.

सेगावांना बायकोला सरळ विचारता आलं असतं. पण सरळ विचारणं हे ज्याला जमतं त्याला जमतं. सेगावांना जमत होती ती रेघ. त्यांनी कपाटावरून जुना कागदाचा गुंडाळा काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि बायकोची सहल आखायला बसले.

रेघवाल्यांचा एक नियम असतो. सकाळी शेडमधून निघालेला डबा शेवटी कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये परत आलाच पाहिजे. परतीची रेघ नसलेला कागद साहेबांपुढे गेला तर साहेब तो फेकून देतात. तेव्हा सेगावांनी सगळ्यात आधी शनिवारची संध्याकाळ आखली: ओसाकाहून निघाली, त्सुरुगाला बदलली, सात बावीसला तोयामात आली. मग जरा बरं वाटलं. मग त्यांनी मधली जागा भरायला घेतली, आणि एकदा भरायला लागल्यावर त्यांचा हात थांबेना. किल्ला, अडतीस मिनिटं. शितेन्नोजीचं देऊळ, पंचवीस. कुरोमोनचा बाजार, चाळीस. मत्स्यालय, एक तास दहा. ताकोयाकीचे ऑक्टोपस घातलेले गरम गोळे खाणं, बारा मिनिटं, त्यात फुंकर मारायला तीन. दोन दिवसांत चौदा ठिकाणं झाली. जिथे रेघ आडवी राहत होती, म्हणजे बाई नुसती उभी किंवा बसलेली दिसत होती, तिथे त्यांना चैन पडेना. रिकाम्या वेळात माणूस विचार करतो, आणि विचार केला तर कदाचित परत येत नाही.

सोमवारी दुपारी तामाए ओट्यावर बसून वाळवायची पर्सिमन सोलत होती. सेगावांनी कागद तिच्यापुढे पसरला.

तिने सुरी न थांबवता पाहिलं. "ही मी?"

"ही तू."

"केवढी धावतेय हो मी. कोण लागलंय माझ्या पाठीमागे?"

"दोन दिवसांत सगळं बघायचं तर—"

"आणि हे काय, बाथरूम चार मिनिटं?"

"पुरतात चार."

"तुम्हाला पुरतात. बायकांच्या रांगेत कधी उभे राहिलात?" तिने एक सोललेलं फळ दोरीला बांधलं. "तुमची गाडी बाथरूमच्या दारातच चुकायची."

सेगावांनी खोडरबर काढलं आणि चाराचे नऊ केले. त्यामुळे पुढची तेरा ठिकाणं पाच पाच मिनिटं पुढे सरकली आणि मत्स्यालयाची बोंब झाली. तामाए हसली. चिडली असती तर सेगावांना बरं वाटलं असतं. पाहुण्याच्या पोराने काढलेलं चित्र बघून आपण हसतो, तसं ती हसली होती, आणि शनिवारच्या सात बावीसकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी नागोयाला लेकीला फोन लावला.

"बाबा, तुम्ही आईला वेळापत्रक काढून दिलंत?" चिनात्सु म्हणाली. "अहो, ती एकटी चाललीये. एकटी म्हणजे तुमच्या कागदाशिवाय."

"मदत म्हणून काढलं."

"मदत कसली. पंचवीस वर्षांपूर्वी क्योतोला काय केलंत आठवतंय? देवळात आईची चप्पल हरवली तर म्हणालात, चप्पल राहू दे, सव्वातीनची गाडी आहे. मोज्यांवर आली बिचारी स्टेशनपर्यंत."

"गाडी मिळाली पण," सेगावा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "चिनात्सु, ती परत येईल ना?"

"मला काय विचारताय? आईला विचारा."

इथेच तर घोडं पेंड खात होतं.

मंगळवारी तामाए तिच्या फुलं सजवण्याच्या वर्गाला गेली आणि सेगावांचं बूड घरात ठरेना. सगळ्या बेतात एकच जागा त्यांना डाचत होती: त्सुरुगा. तिथे वरच्या मजल्यावरच्या फलाटावरून उतरून खालच्या फलाटावर आठ मिनिटांत पोचायचं. सहासष्ट वर्षांची बाई, हातात बॅग, सरकत्या जिन्यावर गर्दी. आठ मिनिटं कुणी ठरवली? स्वतः चालून पाहिल्याशिवाय सेगावांनी आयुष्यात एकही वेळ कागदावर घातली नव्हती. आणि चालून पाहायचं तर खऱ्या वजनाने. दाराशी तामाएची निळी बॅग भरून तयार होती. सेगावांनी गॅसकडे बोट दाखवलं, बॅग उचलली आणि स्टेशन गाठलं.

उचलताच त्यांच्या लक्षात आलं की बॅग जड आहे. गाडीत बसल्यावर त्यांनी ती मांडीवर घेऊन पाहिली. नऊ किलो तरी असावी. दोन दिवसांचे कपडे नऊ किलो भरत नाहीत. कुलूप नव्हतं, नुसती चेन होती. तासाभराच्या प्रवासात त्यांनी तीन वेळा चेनला हात लावला आणि तीन वेळा काढला. दुसऱ्याचं सामान उघडायचं नाही, एवढी रेल्वेची शिस्त अंगात होती. त्सुरुगाला ते ती बॅग ओढत दोनदा वरून खाली आले. पहिल्यांदा पाच मिनिटं चाळीस सेकंद, दुसऱ्यांदा सहा पाच. बदल सहज जमत होता. इतका सहज, की बायको निघून जायला त्या स्टेशनात काडीचीही अडचण नव्हती. सेगावा फलाटावरच्या बाकावर बसले आणि त्यांना रडू आलं. एका शाळकरी मुलीने त्यांच्याकडे पाहून नजर वळवली.

ते घरी पोचले तेव्हा तामाए दारातच उभी होती.

"माझी बॅग कुठे नेली होतीत?"

"त्सुरुगाला."

"कुठे?"

"गाडी बदलायला किती वेळ लागतो ते पाहायला. तुझ्या वजनाने."

तामाएने बॅग घेतली, घरात नेली, आणि चटईवर बसली. सेगावा बूट न काढता खालीच उभे राहिले.

"जड आहे," ते म्हणाले.

"लोकर आहे. तीन स्वेटरची. आणि पाच पुस्तकं."

"ओसाकाला स्वेटर विणायला चाललीस?"

"हो. आठव्या मजल्यावरची खोली घेतलीय. खिडकीत बसणार, विणणार, भूक लागली की खाली उतरून खाणार. किल्ला तिथेच आहे चारशे वर्षं, तो कुठे जात नाही."

"मग इथे विण ना."

"इथे विणते तेव्हा तुम्ही विचारता, किती वेळ लागेल."

सेगावांनी एकदाचा धीर केला. "तामाए, तू परत येणार आहेस ना?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हा प्रश्न त्यांच्या मनात आहे हे तिला ठाऊक नसावं, कारण तिचा चेहरा क्षणभर मऊ झाला. पण मग दुसरं काहीतरी वर आलं.

"तुम्ही मला कधी सांगितलंत?" ती म्हणाली.

"काय?"

"घरी कधी येणार ते. अडतीस वर्षं. दरसाल मार्चमध्ये नवं वेळापत्रक लागायचं, त्याआधी तीन महिने तुम्ही केव्हा याल याचा पत्ता नसायचा. फोन केला की तुमचा साहेब म्हणायचा, सेगावा कामात आहेत. मी भात गरम ठेवायचे, मग पुन्हा गरम करायचे, मग झाकून ठेवायचे. चिनात्सु विचारायची, बाबा केव्हा येणार, आणि मी म्हणायचे, बघू. अख्ख्या तोयामात लोक तुमच्या रेघेवर घड्याळं लावायचे. एका घरात तेवढं कुणाला काही ठाऊक नव्हतं."

"काम होतं," सेगावा म्हणाले.

"काम होतं. मी कुठे नाही म्हणतेय?" ती उठली. "बूट काढा. जेवायला बसा."

सेगावांना वाटलं, माफी मागावी. पण एवढ्या वर्षांची माफी एका वाक्यात कशी बसवायची ते त्यांना सुचलं नाही, आणि जेवताना दोघंही माशाबद्दल बोलले.

गुरुवारी ते तिला पोचवायला फलाटापर्यंत गेले. वेळापत्रक त्यांनी घरीच ठेवलं होतं, ते गुंडाळून कपाटावर टाकायला मात्र मन झालं नव्हतं. गाडी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "कोणत्या गाडीला घ्यायला येऊ?"

"येऊ नका. मी येईन."

"म्हणजे येशील."

"येईन म्हटलं ना."

"कधी?"

तामाए डब्यात चढली आणि मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतकी वर्षं कामावर निघताना सेगावा रोज जशी नुसती मान हलवायचे, अगदी तशी तिने मान हलवली, आणि दार मिटलं.

शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारीही आला नाही. दुपारपासून सेगावा दर अर्ध्या तासाने दाराशी जाऊन आले. त्सुरुगाहून येणारी प्रत्येक गाडी त्यांना तोंडपाठ होती: चार अठ्ठावन्न, पाच एकतीस, सहा नऊ, सात बावीस, आणि त्यापुढच्या सगळ्या, आणि उद्याच्याही सगळ्या. यातली कुठली तिची, हे कुठल्याच रेघेवर लिहिलेलं नव्हतं.

साडेपाचला त्यांनी दोघांच्या मापाने तांदूळ धुतले, विजेच्या कुकरमध्ये घातले आणि पाणी बोटाने मोजलं. मग बटणावर बोट ठेवून ते उभे राहिले. केव्हा दाबायचं ते त्यांना कळेना.