ठिबकचा जॉइनर

तापल्या प्लॅस्टिकचा वास आधी वनमालाला आला.

"अहो, काहीतरी जळायलंय."

राधाकिशननं इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडं पाहिलं. तो लाल पट्टीला टेकला होता. त्यानं जीप कडेला घेऊन बंद केली. बॉनेटच्या फटींतून वाफ फुसफुसत वर आली.

युसूफ वडगाव मागं राहिलं होतं, अंबाजोगाई अजून लांब. मधे नुसता माळ आणि दुपारचं ऊन. वनमाला वेळेवर पोचली नाही, तर डायलिसिसच्या मशीनवर पुढचा पेशंट घेतला जाई. मागं एकदा तसं झालं, तेव्हा तिला रात्रभर आडवं होता आलं नव्हतं; बसूनच श्वास ओढत होती. आज तर सकाळपासून धाप होती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

बॉनेट उघडताच त्याला आपली चूक दिसली. जुन्या जीपच्या हीटरचा कॉक उघडा अडकून बसला होता. भर उन्हाळ्यात नेमकी वनमालाच्या पायांवर भट्टीसारखी हवा यायची, आणि मागं बसवावं, तर आडव्या बाकावर तिला मळमळायचं. म्हणून त्यानं परवाच हीटरकडं जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडल्या होत्या. गरम पाणी आत जायचं बंद, केबिन गार. पण जोडायला घेतला तो शेतातला ठिबकच्या नळ्यांचा प्लॅस्टिकचा जॉइनर. विहिरीच्या गार पाण्यावर वर्षानुवर्षं टिकणारा. इंजिनच्या उकळत्या पाण्यानं तो मेणासारखा वाकला आणि नळी सुटली.

"गॅरेजवाला शहादेव म्हणलाता, लोखंडी तुकडा टाक म्हणून," तो पुटपुटला. "मलाच लई घाई."

"घाई कावून झाली? माझ्याच पायांपायी ना?"

त्यानं अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन बीडकडं गेलेली. एक मोटारसायकलवाला थांबला, पण वनमालाची धाप बघून, ती मागं बसू शकणार नाही, अशी त्यानंच मान हलवली आणि गेला.

"नळ्या परत हीटरलाच लावाव्या लागतेत," राधाकिशन म्हणाला. "हवा पुन्हा तुझ्यावर येईल."

"येऊ द्या. गाडी तर चालंल."

त्यानं चाकूनं नळीचं मऊ पडलेलं टोक कापलं, दोन्ही नळ्या हीटरच्या तोटीवर चढवल्या, क्लिपा आवळल्या. मग फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"हात काढा!" ती आतून ओरडली, आणि त्या ओरडण्यानंच तिला दम लागला. "शहादेवचं... तोंड भाजलेलं इसरलात का?"

तो थांबला. इंजिन निवेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. तिच्या छातीचं वरखाली होणं तो काचेतून बघत राहिला.

"माझ्याकडं काय बघता? मी काय उकळायले का?"

त्याला हसू आलं नाही.

शेवटी झाकण हाताला सोसेल इतकं निवलं. त्यानं इंजिन सुरू करून कॅनमधलं पाणी हळूहळू ओतलं. कॅन संपला, तरी पाणी काठाला येईना. वनमालानं खिडकीतून आपली बाटली पुढं केली. बाटलीला मध्यावर लाल दोरा बांधलेला होता. डॉक्टरांनी तिला दिवसभरात प्यायला सांगितलेलं पाणी तेवढंच. सकाळपासून तिनं एकच घोट घेतला होता.

"ते तुझं हाय."

"माझ्या अंगातलं तर तिथं काढूनच घेतेत. वता. तिला पाजा."

त्यानं ओतलं. पाणी काठाला आलं.

जीप चढाला लागली. काटा खाली उतरला, आणि हीटरमधून उष्ण वारा सुटला. तिनं गमजाची घडी पावलांवर टाकली आणि समोरचा दांडा घट्ट धरला.

"सोसतंय का?"

"मुकाट्यानं चालवा."



दवाखान्यात पोचले, तेव्हा मशीन अजून मोकळं होतं. सिस्टरनं तिला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि हसली.

"मागच्या खेपेपेक्षा आज पाणी चांगलं आवरलंत हं, वनमालाबाई. असंच ठेवत जा."

 काट्यावरची तिची सुजलेली पावलं लालभडक दिसत होती.

ती आत गेली. राधाकिशन व्हरांड्यातल्या नळाशी आला. बाटली विसळून त्यानं ती लाल दोऱ्यापर्यंत भरली. थोडं जास्त झालेलं ओतून टाकलं, झाकण लावलं. मग बाटली मांडीवर घेऊन तो दाराबाहेरच्या बाकावर बसला. त्याचेही ओठ कोरडे पडले होते. नळ चार पावलांवर होता; तो उठला नाही.